तीन पत्त्यांचे वाटे

"हे काय ग बाई, रमी मांडलीस व्हय?" मी डॉक्टरणीला विचारलं.

तिनं मालकांच्या कॉटवर, त्यांच्या कमरेशी, तीन पत्ते मांडले होते. वहीच्या पानाएवढे, जाड पुठ्ठ्याचे, रंगीत पेनानं चित्रं काढलेले. कॉटच्या खालच्या टोकाला मालकांचा उजवा पाय उघडा होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी ठिक्कर, वर घोट्यापर्यंत लालजांभळी सूज. साखरेच्या दुखण्यानं पाय कुजतो हे ऐकून होते, बघितलं तेव्हाच. खाटकाच्या घरात तीस वर्षं काढलेली बाई मी, वासाला नाक मुरडणारी नव्हे. पण त्या पायापाशी मीसुद्धा पदर तोंडाला लावून बसले होते.

मालक म्हणजे माझे यजमान, सिद्राम. पेठेतलं मटणाचं दुकान त्यांच्या आज्यापासूनचं. मटण तोडायच्या ओंडक्यापुढं मालक उभे राहायचे आणि तोंड मी चालवायची. गिऱ्हाईक मालकांना विचारायचं आणि उत्तर मी द्यायची. माणूस अबोल. बकऱ्यालासुद्धा कापताना शिवी दिली नाही त्यांनी कधी.

डॉक्टरीण लोंढे आडनावाची. तिशीच्या आतली, कमरेपर्यंत वेणी. आमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात वर्षापूर्वी आली होती.

"मावशी, हे मी नवीन करतेय," ती म्हणाली. "आम्ही पेशंटला घाईघाईत सांगतो, त्याला कळत नाही, आणि तो अंगठा उठवून मोकळा होतो. तसं नको. दोन-तीन इलाज असले तर कुठला घ्यायचा ते त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. वाचता न येणाऱ्यालासुद्धा. तुम्ही बघा, आणि कुठं कळत नाही ते मला सांगा. म्हणजे मला सुधारता येईल."

"मला वाचता येतंय," मी म्हणाले. दुसरी झालेय मी.

पहिल्या पत्त्यावर गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस होता. त्याच्याखाली दहा बारकी माणसं. आठ नकली पाय लावून उभी, एक बसलेलं, एक आडवं आणि काळं. काळं म्हणजे मेलेलं. दुसऱ्या पत्त्यावर नुसती बोटं काढलेली. त्याच्या दहातली पाच आपल्या पायावर उभी, तिघांचा पाय पुढं जाऊन मांडीतनं काढलेला, दोन काळी. तिसऱ्यावर काहीच कापायचं नाही, गोळ्या आणि मलमपट्टी. त्यातली दोन उभी. बाकी सगळी काळी.

"ह्यो चुकलाय," मी पहिल्या पत्त्यावर बोट ठेवलं. "पाय असा मधनं तोडत न्हाईत. सांध्यात सुरी घालायची, आपसूक सुटतो."

डॉक्टरीण हसली. "माणसाचा मधनंच कापतात मावशी, करवतीनं. गुडघा राखायचा असतो ना. गुडघा राहिला की नकली पाय लावून दिवसभर उभं राहता येतं. गुडघा गेला की अवघड." मग ती मालकांकडे वळली. "काका, तुम्हाला कशाचं जास्त वाटतं? पाय जाण्याचं, की परत परत टेबलावर जाण्याचं?"

"पाय गेला तर हे जगायचे न्हाईत," मी म्हणाले. "उभ्यानं धंदा केलेला माणूस हाय."

"मी काकांना विचारलं."

"तेच सांगत्यात. माझ्या तोंडानं."

मालक वर पंख्याकडे बघत होते. डॉक्टरणीनं पत्ते उचलून त्यांच्या हातात दिले. एक बाई अडली होती, तिच्यासाठी बोलावणं आलं. जाताना म्हणाली, "पाच वाजेपर्यंत ठरवा. काकांना बघू दे, काकांनाच. माझं मत विचाराल तर पहिला पत्ता. पण पाय त्यांचा आहे."

दुपारी माझा दीर केरबा डबा घेऊन आला. मालकांपेक्षा बारा वर्षांनी लहान, अंगानं बैल, डोकं गरम. मी त्याला पत्ते समजावून सांगितले. त्यानं पहिला उचलला.

"ह्योच. पाय जाऊ द्या वैनी. भाऊ ऱ्हाईल."

"आणि वंडक्याफुडं कोण ऱ्हाईल?"

"मी हाय की."

"तेच म्हणलं. भावाचा पाय जायच्या आधी तू जागा बघून ठिवलीस."

केरबानं डबा भिंतीवर हाणला. रस्सा पोपडे आलेल्या भिंतीवरनं खाली ओघळला. मी उठून त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं माझा हात मनगटाशी धरून पिरगळला, बांगड्या फुटून काचा घुसल्या, मी दुसऱ्या हातानं त्याचे केस धरले. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजल्याचं सोंग करायला लागला.

"वाटे घाला," केरबा धापा टाकत म्हणाला. "तुमचं नगं, माझं नगं. वाटे घाला."

खाटकाच्या घरातला हा शेवटचा शब्द. आठ घरं मिळून बकरं कापतात, त्याचे आठ ढीग फळीवर लावतात. एकजण पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर सुरीचं टोक ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा नाव घेतो. ज्याचं नाव येईल त्यानं तो ढीग उचलायचा. नळी कमी आली, हाड जास्त आलं, बोलायचं नाही. वाट्यावर बोललेलं माणूस आमच्यात पंक्तीला बसत नाही. माझ्या सासऱ्यांनी शेताचे तुकडेसुद्धा असेच वाटले, आणि कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही.

डॉक्टरणीनं पत्ते कशासाठी केलेत हे आम्हाला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण तीन गोष्टी समोर मांडल्या आणि एक घ्यायची म्हटलं की खाटकाचा हात वाट्याकडंच जातो.

केरबानं पत्ते फरशीवर एका रांगेत लावले, चित्रं वर. मागेपुढे केले, परत लावले. पाठ मी केली. थोरलीनंच करायची असते. बंद खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. केरबानं खिशातली किल्ली पत्त्यावर टेकवली.

"ह्यो कुणाचा?"

"देवाचा."

"ह्यो कुणाचा?"

"ह्योबी देवाचा."

"ह्यो?"

"सिद्रामचा."

मी वळले. किल्ली बोटं काढलेल्या पत्त्यावर होती. केरबानं डोळे मिटून घेतले. मग पत्ता उचलून कपाळाला लावला, भावाच्या उशाशी ठेवला आणि भिंतीवरचा रस्सा आपल्या टॉवेलनं पुसायला लागला. मालक माझ्याकडे बघत होते.

पाच वाजता डॉक्टरीण आली.

"काका, ठरलं?"

मालकांनी उशाशी हात नेला आणि दुसरा पत्ता तिला दिला. ती तो हातात घेऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "मावशी, पाच मिनिटं बाहेर बसता? मला काकांशी बोलायचंय."

"काय बोलायचं ते माझ्याम्होरं बोल. माझा नवरा हाय."

ती पडली लेकरू. तिनं मालकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद पुढं केला. मालकांनी अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बोटं गेली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ताप चढला. पट्टी सोडली तेव्हा पावलाचं सगळं मांस हिरवं पडलेलं, आणि नडगीवरनं काळपट रेघ वर गुडघ्याकडं गेलेली. बोटानं दाबलं की कातड्याखाली चरचर आवाज यायचा. मेलेल्या जनावराच्या पोटाला येतो तसा. डॉक्टरणीनं पळत जाऊन जिल्ह्याच्या मोठ्या सर्जनला फोन केला.

"मांडीतनं काढावा लागेल," ती म्हणाली. "आजच. मोठे सर निघालेत, दोन तासांत येतील. गुडघा आता राहत नाही. उशीर केला तर काका राहणार नाहीत."

मी केरबाला निरोप धाडला. तो आला तो पेठेतली चार माणसं घेऊन, आणि हातात गोणपाटात गुंडाळलेला सत्तूर.

आधी दाराची काच फुटली. औषधं देणारा कंपाउंडर आडवा आला, त्याला चौघांनी पाडून लाथांनी तुडवला. सिस्टरच्या हातातला ट्रे उडाला. सुया, बाटल्या, कापूस सगळा फरशीवर. डॉक्टरीण टेबलापाशी कागद लिहीत होती. केरबानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला ओढत मालकांच्या कॉटपर्यंत आणली.

"भावाला पत्त्यावर लावलंस?" तो म्हणाला. "खोटं पत्तं करून आणलंस. बोटं काढली की बरं हुतं म्हणून चित्र काढलंस."

"पाचच बरे होतात म्हणून काढलं होतं," ती ओरडली. "तिघांची मांडी जाते, दोघं मरतात. सगळं काढलं होतं—"

त्यानं टेबलावरचा पत्ता घेतला, मुठीत चुरगळला आणि तिच्या तोंडात कोंबला. "खा. तुझं चित्र तूच खा."

तिला ओकारी आली. गुडघ्यावर पडली. केरबानं गोणपाट सोडलं. मी म्हणाले, केरबा. त्यानं ऐकलं नाही. सत्तूर वर गेला तसा तिनं डोक्यावर हात घेतला आणि पातं तिच्या हातावर, कोपराच्या खाली बसलं. पातं मांसातनं जाऊन हाडाला थडकतं तेव्हा एक आवाज येतो. तीस वर्षं रोज ऐकलेला. रक्त माझ्या चपलेवर आलं, गरम.

केरबानं सत्तूर परत उचलला.

सलाईनचा लोखंडी स्टँड कॉटला टेकून होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि केरबाच्या उजव्या खांद्यावर घातला. बाटली फुटली. हाड मोडलेलं मला कळलं, त्यालाही कळलं. सत्तूर हातातनं गळाला, मी पायानं कॉटखाली सरकवला. ती चार माणसं माझ्याकडे वळली.

"मारायचं तर मला मारा," मी म्हणाले. "वाटा मी खोटा घातला."

कुणी हललं नाही.

"खिडकीची काच. खिडकी बंद हुती, मागं अंधारी बोळ. माझी पाठ हुती पर काचंत समदं दिसत हुतं. किल्ली बोटांच्या पत्त्यावर आली तवाच मी ह्यांचं नाव घेतलं."

केरबा फरशीवर बसला होता, उजवा हात लोंबत. हळूहळू उठला. डाव्या हाताची मूठ त्यानं माझ्या तोंडावर मारली. समोरचे दोन दात तिथंच पडले. मी पडल्यावर त्यानं पोटात लाथ घातली. परत घातली. चौघांतल्या एकानंसुद्धा त्याला धरलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही धरलं नसतं.

"का, वैनी?" प्रत्येक लाथेला तो विचारत होता. "का?"

"केरबा. बास."

आवाज मालकांचा होता. तापानं जीभ जड झालेली, पण आवाज दुकानाच्या मागल्या दारापर्यंत गेला असता असा. केरबाचा पाय हवेतच थांबला.

"बाईचा हात बांधा आधी," मालक म्हणाले. सिस्टर कापूस घेऊन धावली. मग ते डॉक्टरणीशी बोलले. "बाई, मांडीतनं काढला तर जगंन का?"

डॉक्टरणीनं तोंडातला पुठ्ठ्याचा लगदा थुंकला. "जगाल. बहुतेक जगाल. मी पत्ता काढून दाखवते—"

"पत्ता नगं. मला तोंड हाय." ते थोडा वेळ दम खात राहिले. "काढा. मला जगायचंय."

मी फरशीवरनं म्हणाले, "अवो, उभं ऱ्हाता यायचं न्हाई. गुडघा जाणार."

"मी कधी म्हणलो, उभं ऱ्हायला पायजे?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू म्हणलीस. पाय गेला तर मरल म्हणलीस. मी ऐकत हुतो. लंगडा नवरा तुला नगं हुता, हौसे. मला लंगडं जगणं चाललं असतं."

"मग बोलला का न्हाई त्या दिशी?"

"बोलणार कसा? वाटा झालता." त्यांनी डोळे मिटले. "काचंत बघताना तुला बघितलं हुतं मी. हितनं दिसत हुतं."

केरबानं हे ऐकलं आणि तो भिंतीला टेकून रडायला लागला. पोलीस आले तेव्हा त्यानं डावा हात स्वतःच पुढं केला.

मोठे सर आले. मालकांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी बसले, तोंडात कापसाचा बोळा. थोड्या वेळानं शेजारी डॉक्टरीण येऊन बसली. हाताला बावीस टाके, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं शिव्या देईल. मी तिच्या जागी असते तर त्याच बाकावर नरडं दाबलं असतं.

"मावशी, पत्त्यांत काय चुकलं?" तिनं विचारलं.

"आत्ता इचारतीस?"

"आत्ताच विचारायचं. नंतर तुम्हीही विसराल, मीही."

मी बोळा काढला. "पत्त्यांत काय न्हाई. मला समदं कळलं हुतं. कोण उभं, कोण काळं. तू मला भाईर काढायला पायजे हुतंस."

"काढत होते. तुम्ही गेला नाहीत."

"हाताला धरून काढायचं. दार लावून घ्यायचं. आमच्यात नवऱ्याचं बायको बोलती, म्हाताऱ्याचं ल्योक बोलतो. ज्येचा पाय त्येनं बोलायचं असतं हे आमाला कुणी शिकिवलंय?"

तिनं खिशातनं पेन काढलं आणि डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, केसपेपरच्या मागं काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस? वाच."

"पत्ते मांडण्याआधी नातेवाइकांना बाहेर बसवावे."

"आधी बायकूला, असं लिही."

तिनं लिहिलं. लिहिताना दुखलं असणार, कारण ओठ दाताखाली धरला होता. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

तेव्हा कापलेला पाय घरच्यांच्या हातात द्यायचे. केरबा चौकीत, पेठेतली माणसं पळालेली. वॉर्डबॉयनं दारातनं विचारलं, "सिद्रामचं कोण?" मी उठले. त्यानं हिरव्या कापडात बांधलेलं गाठोडं माझ्या हातावर ठेवलं. काखेत मारून मी दवाखान्यातनं पेठेतनं चालत गेले. माझ्या लुगड्यावर तिघांचं रक्त होतं, माझं, डॉक्टरणीचं आणि मालकांचं. भर बाजारात माणसं बाजूला झाली. कुणी विचारलं नाही हौसाबाई काय घेऊन चाललीस.

जागा मी वाटेतच ठरवली होती. ओढ्याच्या काठाला आमची माणसं पुरायची जागा आहे, तिथं सासऱ्यांच्या शेजारी. बापाच्या कुशीत पाय राहील, याहून चांगली जागा कुठली. फावडं मागून आणलं, पोट दुखत होतं तरी कमरेएवढा खड्डा मीच खणला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे रचले. हळदकुंकू वाहिलं. परत आले तोवर दिवस कलला होता.

मालक शुद्धीवर होते. पुढं ते अकरा वर्षं जगले, ओंडका तोडून बुटका करून घेतला आणि बसून मटण तोडलं, पण हे नंतरचं. तेव्हा नुसते डोळे उघडे होते. चादर मांडीपर्यंत उंच आणि पुढं सपाट. मी त्यांच्या तोंडाला पाण्यात भिजवलेला कापूस लावला.

"पाय?" त्यांनी विचारलं.

"पुरला."

"कुठं?"

"वढ्याला. मामंजींच्या शेजारी. खोल खणलाय, धोंडं ठिवल्यात. काय काळजी करू नगा."

त्यांनी पंख्यावरची नजर माझ्याकडं वळवली.

"मला इचारलंस?"

मी कापूस वाटीत ठेवला. येताना कोपऱ्यात टेकवलेलं फावडं उचललं.

"कुठं पायजे?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. मी परत ओढ्याला गेले आणि धोंडे काढायला लागले.